उस्ताद कोण तुमचा?

अकोला

ती. दादास,
वच्छलाचा नमस्कार. राजराजेश्वराच्या कृपेने इथे दोन वेळचं जेवण सुटत नाही, काळजी नसावी. वहिनींचा गुडघा कसा आहे?

आमची संत्र्याची वाळलेली झाडं तोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, जावईबापूंना एखाद्या जुन्या ड्रायव्हरच्या हाताखाली ठेवा. आम्हाला मात्र ट्रक शिकवणारी शाळा भरवशाची वाटली. ह्यांना सर्टिफिकेट मिळालं, लायसन्सही आलं. पण शाळेची गाडी रिकामी असायची आणि मैदानातच फिरायची.

इथले गाडीमालक कागद हातातही घेत नाहीत. एवढंच विचारतात, "उस्ताद कोण तुमचा? भरली गाडी घाटातून उतरवली काय कधी?" हे कागद परत पिशवीत ठेवतात.

शेवटी एका मालकाने ठेवून घेतलं, पण क्लीनर म्हणून. गाडीचा ड्रायव्हर, म्हणजे आता ह्यांचा उस्ताद, सरफराज तुमच्या रोहितच्या वयाचा आहे. रिवाज म्हणून ह्यांनी पेढे दिले आणि त्याच्या पायाला हात लावायला वाकले, तर तो झटकन मागे सरला. "काका, काहून मले पाप लावता?" म्हणाला. पोरगा चांगला आहे. मी त्यालाच विचारलं, ह्यांच्या हाती गाडी कधी येईल? तो म्हणाला, "काकू, खोटं नाही बोलत. या वयात कोणी स्टेअरिंग देत नाही."

मी रोज देवळात जाते, पण आता काय मागावं ते सुचत नाही.

बाजारात सासूबाई भेटल्या तर सांगा, हे गाडीवर लागले. कोणत्या बाजूला बसतात, ते सांगू नका.

तुमची धाकटी,
वच्छला