पंचवीस मिनिटं वाजत राहिलेलं गाणं

प्रिय अण्णा,

काल तुमचा पहिला स्मृतिदिन झाला. वंदना झाली, जेवणं झाली आणि आईनं सगळ्यांसमोर पुन्हा तीच गोष्ट काढली. "गाणं थांबंना म्हटल्यावर माझ्या पोरीला लगेच कळालं. पळत खाली गेली अन् आईस्क्रीमच्या गाडीतून बापाला जित्ता काढला." आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मान खाली घालून बसले.

अण्णा, मी लगेच आले नव्हते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सकाळच्या बसनं नांदेडला परतले आणि पिशवीसुद्धा न सोडता लिहायला बसले आहे.

भूकंपात तुम्ही घराच्या दगडमातीखाली दिवसभर अडकला होतात. शेजारून येणारा आजीचा आवाज दुपारपर्यंत बंद झाला. हे सगळं मला आईकडून कळलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. त्यानंतर दार लावलेल्या खोलीत तुमचा जीव घाबरायचा. पुनर्वसनाच्या घरात तुम्ही एक रात्र तरी आत झोपलात का हो? गिरणीतलं काम सोडलंत, गोदामातलं सोडलंत. लातूरला आईस्क्रीमच्या गाडीवर ड्रायव्हर लागलात तेव्हा आईला म्हणालात, "उघड्या रस्त्यावरचं काम हाय. जमंल मला."

पण त्या गाडीच्या मागं थंड पेटी होतीच! पत्र्याची, माणूस वाकून उभा राहील एवढी. आतून उघडायची कडी तुटलेली. मालकाला कितीदा सांगितलंत, त्याचं उत्तर ठरलेलं: "बघू पुढच्या आठवड्यात." म्हणून आत शिरण्याआधी तुम्ही दार उघडं ठेवून दोरीनं बाहेर बांधायचात आणि दोनदा ओढून बघायचात.

आणि तुमचा दुसरा नियम! गाडी हलवायच्या आधी भोंग्यावरचं गाणं बंद. लहानपणी शेजारी बसून मी विचारलं होतं, का म्हणून? "पोरं गाण्याच्या मागं पळतेत बाई. त्यांना चाक दिसत न्हाई." मग उतरून गाडीच्या मागं एक चक्कर मारायचात, आणि त्यानंतरच गिअर.

मला डॉक्टर करायचं तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं होतं? लातूरच्या क्लासला घातलंत, तिथल्याच हॉस्टेलवर ठेवलंत. एका खोलीत चौघी, खिडकीला जाळी, गेटला कुलूप. दर रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर यादी, आणि त्या यादीत दर आठवड्याला खाली सरकणारं माझं नाव. फोनवर मी म्हणाले, "अण्णा, मला इथं कोंडल्यासारखं होतंय." तुम्ही म्हणालात, "दोनच वर्षं हायत. काढ कशीबी." तुम्ही म्हणालात हे, अण्णा! तुम्हाला तरी कळायला हवं होतं ना?

रोज चारला तुमची गाडी आमच्या गल्लीत यायची. मुली हसायच्या, "आली बघ तुझ्या बापाची गाडी." एका रविवारी भेटायला आलात तेव्हा मी बोलून गेले, "आमच्या गल्लीत येत जाऊ नका. लाज वाटते मला." तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. तीन आठवडे गाडी आली नाही.

मग एप्रिलमधल्या त्या शनिवारी, भर उन्हात, गाणं वाजलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते. नको म्हटलं तरी आलेच, या विचारानं मला इतका राग आला! कानात कापूस घातला आणि पुस्तकात डोकं घातलं. गाणं थांबेना. थोड्या वेळानं जाळीतून बघितलं. रस्ता रिकामा, ड्रायव्हरची सीट रिकामी. आणि तरीही गाणं चालू.

मला तेव्हाच कळलं होतं, अण्णा. तुम्ही गाणं असं सोडून जाणारे नव्हतात. तरी मी परत येऊन बसले. वाजू दे, त्यांनीच यावं आणि बंद करावं, असं मनात म्हणाले. उठले तेव्हा तीन वाजून पाच झाले होते.

वॉचमन म्हणाला, "मॅडमची चिठ्ठी दाखव." मी गेटवर चढले. ओढणी वर अडकली, ती तिथंच सोडली. पेटीच्या पत्र्याला कान लावला, तर आतून धप्... धप्... एवढंच. दोरी तुटून लोंबत होती आणि दारावर बाहेरची कडी पडली होती.

दार उघडलं. तुम्ही गुडघ्यांवर होतात. ओठ निळे, मुठी सोललेल्या. मी तुम्हाला ओढून उन्हात बसवलं. तुमचे पहिले शब्द होते, "गाणं बंद कर." मी केलं. मग तुम्ही लहान लेकरासारखे रडलात. "आत म्हातारी हाका मारून राहिली होती गं."

मी तुमचा हात धरून म्हणाले, "अण्णा, मला घरी न्या." तुम्ही सीटवरून आईनं दिलेला धपाट्यांचा डबा काढलात. त्यासाठीच आला होतात. तो मला दिलात आणि म्हणालात, "उद्या टेस्ट हाय ना? जा आत."

कसं म्हणवलं तुम्हाला? नुकतेच बाहेर आला होतात, आणि मला आत पाठवलंत! त्या रागाच्या आड मी माझी पंचवीस मिनिटं कितीतरी वर्षं लपवली.

एकदाच तुम्ही विचारलं होतंत, "किती वेळ होतो गं मी आत?" मी म्हणाले, "लगेच तर आले." तुम्ही मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलंत आणि म्हणालात, "हाव." ते घड्याळ त्या दिवशीही तुमच्या हातात होतं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! आणि तरी घरी जाऊन आईला सांगितलंत, की पोरगी पळत आली. आज ती जी गोष्ट सांगते, ती तुम्हीच तिला दिलेली आहे.

मी डॉक्टर झाले नाही. इथल्या एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. मुलींच्या अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडं असते. संध्याकाळी तीन तास बाहेरून कुलूप लावायचं, हा इथला नियम. तीन वर्षं मी तो पाळला, अण्णा. गेल्या आठवड्यात हिमायतनगरच्या एका मुलीनं आतून दार वाजवलं. मी बाहेरूनच म्हणाले, "पंधरा मिनिटं राहिलीत. बस."

ती बसली. कुलूप काढलं तेव्हा माझ्याकडं न बघता निघून गेली.

उद्या ते कुलूप मी सरांच्या टेबलावर ठेवणार आहे. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. आणि त्या मुलीला बाहेर बोलावून, शेजारी बसवून विचारणार आहे, तुला काय सांगायचं होतं? ती जे सांगेल ते मध्ये न बोलता, शेवटपर्यंत ऐकेन. हा माझा शब्द.

तुमची,
प्रज्ञा