आस्क, सोरमाक आणि मीठ

१२ जानेवारी, रविवार. सकाळी.

शेखरचा तुर्कस्तानातून, बुर्साहून फोन. लग्न करायचंय म्हणाला. मुलगी तुर्की. नाव डेफ्ने. त्याच्याच कारखान्यात डिझाइनला आहे. मी अजिबात दचकले नाही. चहा सांडला तो कपाचा कान सैल होता म्हणून.

ह्यांनी फोटो पाहिला. मुलगी चांगली आहे, आपल्या पोरात तिने काय पाहिलं कोण जाणे, असं म्हणाले. ह्यांचे विनोद असलेच.

पुढचं सगळं मला लख्ख दिसतंय. उन्हाळ्यात लग्न, दिवाळीला दोघं नाशिकला, कायमचे. अंबडच्या कारखान्यातले त्याचे जुने साहेब त्याला हसत परत घेतील. शेखर असं काही म्हणाला नाही, पण आईला सगळं सांगावं लागत नाही.

त्याला विचारलंस का, असं ह्यांनी मला विचारलं. विचारलं की. म्हटलं, तुला तिकडेच आवडत असेल तर तिकडेच राहा हो बाळा, आमची काळजी करू नकोस. त्यावर तो नुसतं बरं म्हणाला. लाजला असणार.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

तिळगूळ बिघडला. पाक पुढे गेला. लाडू दात पाडतील असे झालेत. शेजारी वाटले.

शेखरने तिकडची रीत सांगितली. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जायचं आणि वडीलधाऱ्याने तोंडाने मुलगी मागायची. मागितल्याशिवाय पुढचं काही नाही. म्हणजे मी वरमाय असून मीच मागायचं! पण मी पुढारलेली बाई आहे. चालेल म्हटलं.

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा प्रवास नाही. व्हिडिओ कॉलवर मागायचं. हे म्हणाले, मी आयुष्यात चहाशिवाय काही मागितलेलं नाही, तूच बघ. बरोबरच आहे. घरात स्पष्ट बोलणारी मी एकटी.

तुर्कीतच मागणार, असं मी जाहीर केलं. शेखर म्हणाला, आई, इंग्लिश चालेल गं, डेफ्ने सांगेल सगळ्यांना. छे! बोर्डिंगच्या शाळेत सिस्टर फिलोमिनांनी मला दोन वर्षं एलोक्यूशनचं बक्षीस दिलंय. ज्या जिभेने इंग्लिश जिंकलं तिला तुर्की म्हणजे काय.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाचला तुर्की.

१५ जानेवारी, बुधवार.

थंडी फार. पाचला उठून घसा बसला तर उच्चार बिघडतील. सोमवारपासून.

२१ जानेवारी, मंगळवार. दुपारी.

सोमवार काल होता. पण आज सुरुवात झाली, आणि जोरात झाली. मागायचं आहे तर पहिला शब्द ‘आस्क’. मोबाइलवर डिक्शनरी उघडली. पाहते तो काय, आस्कला एक शब्दच नाही! इंग्लिशने एका चिमुकल्या शब्दावर सगळा संसार भागवलाय आणि तुर्कांनी प्रत्येक कामाला वेगळा गडी ठेवलाय.

प्रश्न विचारायचा तर सोरमाक. वस्तू मागायची तर इस्तेमेक. मुलगी मागतात तीही इस्तेमेकनेच. नम्रपणे विनंती करायची तर रिजा एत्मेक. जेवायला बोलवायचं तर दावेत एत्मेक. दावेत! म्हणजे आपली दावत! सल्ला विचारायचा तर आकल दानश्माक. अक्कल! ख्यालीखुशाली विचारायची तर हाल हातर सोरमाक. यातलाही हाल आपलाच. अर्धी भाषा मला जन्मापासून येत होती आणि कोणी सांगितलं नाही.

इंग्लिशमध्ये आपणच संकट ओढवून घेतो त्यालाही आस्कच म्हणतात, आस्किंग फॉर ट्रबल. तुर्कीत तिथे बेला आरामाक. बेला म्हणजे बला. बला शोधत फिरणं. किती छान. आपल्याला लागणार नाही, पण असू दे.

ह्यांना सगळे वाचून दाखवले. हे म्हणाले, विचारायचं मनात असून न विचारणं, याला काय म्हणतात तुझ्या तुर्कीत? कोणाबद्दल बोलत होते कळलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार.

आज लताबाई भांडी घासता घासता म्हणाली, ताई, शेखरदादांच्या खोलीतले जुने पडदे काढणार म्हणता, तर मला द्या ना. सरळ तोंडावर! मी दिले लगेच, देण्याचं काही नाही. पण ही काय मागायची पद्धत? वळण नाही.

आमच्या बोर्डिंगमध्ये जेवणाच्या टेबलावर मीठ मागायचं नाही, असा नियम होता. आमटी कितीही अळणी असो. शेजारच्या मुलीला आपण विचारायचं, तुला मीठ हवंय का? ती नको म्हणायची, आणि उलट विचारायची, तुला हवंय का? मग आपण थँक्यू म्हणून घ्यायचं. लेडी कधी मागत नाही, ती आधी देऊ करते, असं सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, आणि आमच्या खुर्च्यांमागून पांढऱ्या झग्यात फिरत राहायच्या. झग्याला साबणाचा आणि मेणबत्तीचा वास यायचा. तो अजून आठवला की मी ताठ बसते.

सासरी आल्यावर पहिल्या दिवशी ह्यांना विचारलं होतं, मीठ हवंय का? हे नको म्हणाले आणि जेवत राहिले. मीठ ह्यांच्या कोपरापाशी. मी अळणी जेवले. तेव्हा नवीन होते बिचारे. आता शिकले असतील.

२६ जानेवारी, रविवार.

डेफ्नेशी पहिला तुर्की संवाद. मी हाल हातर विचारली. ती खूप हसली, मग मला आन्ने म्हणाली. आन्ने म्हणजे आई. मी मुळीच विरघळले नाही. चष्म्यावर वाफ आली होती.

पूर्ण वाक्य तिनेच शिकवलं. कझनझी ओलुमुझा इस्तियोरुझ. तुमची मुलगी आमच्या मुलासाठी मागतो. तीन शब्द फक्त. उद्या पाठ.

शेखर मात्र आज भलत्याच गप्पा मारत होता. आई, इथे डोंगरावर बर्फ असतो, खाली पीच लागतात, तुला आवडेल गं इथे. तुला थंडी सोसते ना? मी म्हटलं, मला कुठली सोसायला. मग म्हणाला, डेफ्नेच्या बाबांचा खालचा फ्लॅट रिकामा झालाय, भाडेकरू गेला. मोठा आहे, ऊन येतं. आता त्यांच्या भाडेकरूशी मला काय करायचंय? पोराला विषय सुचत नसतील. मी त्याला म्हटलं, तुझ्या खोलीला रंग देतेय, तुला नको असेल तर राहू दे. तो म्हणाला, नको असेल तर राहू दे आई, कशाला त्रास.

पाहिलंत, किती समजूतदार! म्हणजे रंग हवाय.

२ फेब्रुवारी, रविवार.

खोलीला लिंबाचा पिवळा रंग. मेन रोडवरून नवे पडदे. पडद्याला तुर्कीत पेर्दे म्हणतात. डेफ्नेला घरच्यासारखं वाटेल.

हे म्हणाले, डॉक्टरांनी सायकल मारायला सांगितलीय, ती व्यायामाची सायकल त्या खोलीत ठेवू या. मी म्हटलं, पाहिजे तर ठेवा. त्यांनी पाहिलं माझ्याकडे, आणि सायकल गॅलरीतच ठेवली. आहे, वळण आहे थोडं.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी.

रंगीत तालीम. हे झाले मुलीचे वडील, हालदुन बे. बे म्हणजे आपलं राव. मी सुरू केलं आणि दुसऱ्या शब्दावर ह्यांनी अडवलं. मुलगा रात्री घोरतो का? उठल्यावर अंथरूण काढतो का? आमची मुलगी गिरणीत दळण आणायला जाणार नाही. असे प्रश्न नसतात म्हटलं, तर म्हणाले, मुलीचा बाप आहे मी, सोरमाक करणारच. मग स्वतःच्या विनोदावर इतके हसले की गुडघा धरून बसावं लागलं.

वाक्य म्हणायचं राहिलं. पण येतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार.

येत नाहीये. कझनझीपर्यंत येतं, पुढे ओलुमुझाच्या जागी ओलं खोबरं येतं. मेथीच्या जुड्या निवडताना म्हणते, आंघोळीला म्हणते. लताबाई म्हणाली, ताई, कसला मंत्र आहे, आमच्या सुनेचं पोट दुखतं तिला लागू पडेल का?

काळजीचं कारण नाही. बक्षीस मिळालं त्या दिवशीही सकाळपर्यंत मला कविता येत नव्हती.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

आलं! न अडखळता! लागोपाठ! गॅसच्या समोर, गंगापूर रोडच्या रिक्षात, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असतानासुद्धा. उद्या कॉल. पैठणी काढून ठेवली. आता फक्त मागायचं. आणि शेखरलाही उद्याच सरळ विचारणार, दिवाळीचं तिकीट कधी काढतोस.

२३ फेब्रुवारी, रविवार. कॉलनंतर.

लिहिते तसं.

पडदा, म्हणजे आपला टीव्हीचा, गच्च भरला होता. मधे हालदुन बे, मिशा थेट वणीच्या आमच्या निवृत्तीमामांसारख्या. शेजारी नेरमिन हानम, म्हणजे नेरमिनबाई, डेफ्नेची आई, माझ्याच वयाची, हातात रुमाल तयार. मागे काका, आत्या. कोपऱ्यात सूट घातलेला माझा शेखर, फुलं आणि चॉकलेटं घेऊन, एकटाच.

डेफ्नेने कॉफी आणली. तिकडे मुलाच्या कॉफीत मुलगी मीठ घालते आणि त्याने तोंड वाकडं न करता प्यायची असते. शेखरने सगळा कप संपवला. आत्या टाळ्या वाजवत होती. लहानपणी काढाही असाच प्यायचा, माझ्याकडे बघत.

मग कप बाजूला गेले. हालदुन बेंनी हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. आता मागायचं.

वाक्य जिभेवर होतं. अगदी टोकावर, तिन्ही शब्द. पण इतके लोक एका रांगेत बसून माझ्याकडे बघताना पाहिले आणि मला खुर्चीमागे साबणाचा वास आला. कोणाची एवढी वाढवलेली मुलगी, आणि तोंड उघडून सरळ द्या म्हणायचं? लताबाईसारखं? मी ताठ बसले. आधी देऊ करावं. मग तेच म्हणतील.

मी स्वच्छ इंग्लिशमध्ये म्हटलं, आमचा शेखर तुम्हाला आवडला असेल तर तुम्हीच ठेवून घ्या त्याला. तुमच्याकडेच राहू दे. आणि सिस्टरांनी शिकवलं होतं तशी मान थोडी कलती करून थांबले. आता ते म्हणणार, नाही नाही, असं कसं, तुम्हीच आमची मुलगी न्या नाशिकला.

डेफ्नेने तुर्कीत सांगितलं. सांगताना मधे थांबली. हालदुन बे उठून उभे राहिले, हात छातीवर. म्हणाले, घराण्यात किती सोयरिकी पाहिल्या, मागणारे पाहिले, पण मुलगा देणारी आई पहिल्यांदा पाहिली. आम्हाला हेच हवं होतं, मागायचा धीर होत नव्हता. खालचा फ्लॅट या दोघांसाठीच रिकामा ठेवलाय. नेरमिन हानमने रडत रडत मला पापा दिला, तो कॅमेऱ्यावरच बसला. टीव्ही सगळा गुलाबी झाला.

गुलाबी ओसरला तेव्हा शेखर दिसला. आई, खरंच? म्हणाला. तुला हे कसं विचारू म्हणून महिनाभर झोप नाही गं मला. त्याचा चेहरा, पाचवीत सायकल आणली तेव्हा होता तसा.

मी काय म्हणणार? म्हटलं, अरे, त्यात काय एवढं.

तेवढ्यात हे माझ्या कानाशी पुटपुटले, अगं, मुलगी मागायची राहिली. आणि मी काही बोलायच्या आत टीव्हीकडे वाकून मोठ्याने म्हणाले, अँड द गर्ल ऑल्सो, प्लीज.

सगळं बुर्सा हसलं. दिली म्हणाले.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

उत्तम झालं. खरं तर माझ्या मनात हेच होतं. मुलांना मोकळं सोडावं. नेरमिन हानमने सकाळी सकाळी हाल हातर विचारली, मोबाइलवर, फुलांच्या चित्रासकट. मी तुर्कीत उत्तर दिलं. त्यावर तिने बोलून पाठवलेलं मला कळलं नाही, पण आवाज खूप मऊ होता.

ह्यांना मी म्हटलं, ती सायकल पाहिजे तर आत ठेवा. ठेवली. पिवळ्या रंगात बरी दिसते.

लताबाई नव्या पडद्यांकडे बघत होती. मी सहज विचारलं, हवेत का गं तुला? ती हो म्हणाली.

२ मार्च, रविवार.

आठवडाभर विचार केला. आता स्पष्ट बोलायचं. इस्तेमेक. सरळ. शेखरच्या रविवारच्या फोनवर म्हणायचं, बाळा, मला तू घरी परत हवा आहेस. आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, मराठीत पाठ केलं.

फोन आला. मी म्हटलं, शेखर, तुला घरची आठवण येत असेल तर... तो म्हणाला, अगं नाही आई, मुळीच काळजी करू नकोस, इथे सगळे खूप करतात माझं.

छान, म्हटलं.

दुपारी जेवायला बसलो. आमटीत मीठच पडलं नव्हतं. मीठ ह्यांच्या कोपरापाशी होतं. मी विचारलं, मीठ हवंय का?

हे नको म्हणाले.

आमटी तशी बरी झाली होती.