यशूचा हरवलेला एक

धसई, शुक्रवार, दिवेलागण

ती. वत्सलाताईस महेंद्रचा जय भीम.

ताजी बातमी अशी की, आपली यशू 'एक' हा आकडा विसरली आहे. या बातमीला काल संध्याकाळी सुनिलने शहापूरहून व्हिडिओ कॉलवर दुजोरा दिला आणि वंदनाने तो कॉल संपायच्या आत स्वयंपाकघरातून. आईने मात्र इन्कार केला आहे. तिच्या मते पोरगी काहीच विसरलेली नाही, उलट आत्ता कुठे नीट मोजायला लागली आहे.

तुझी तब्येत बरी असेल. भावोजींचा गुडघा कसा आहे? ते अजून धरणाच्या भिंतीपर्यंत फिरायला जातात की नुसतं 'जाऊन येतो' म्हणून कॉलनीच्या पारावर बसतात? (आपल्या गावचा चंदर तिकडे ड्युटीला असतो, तो सांगतो, पारावर बसतात. पण चंदर त्यांच्या शेजारीच बसलेला असणार, म्हणून त्याच्या सांगण्यावर मी जात नाही.) आईची प्रकृती उत्तम आहे, आवाज तर त्याहून उत्तम.

यशूला कांजिण्या आल्याचं तुला फोनवर कळलंच आहे. आता खपल्या पडत आल्या. सगळ्या पडेपर्यंत शाळेत पाठवू नका, असा बाईंचा निरोप आहे. वंदनाची रजा संपली होती, माझी शिल्लक होती, त्यामुळे शिक्षकाची जागा माझ्याकडे आली. शिवाय पहिलीच्या पोरीला शिकवायला काय लागतं, असं मी मागे चारचौघांत बोललो होतो. त्या चौघांत वंदना होती.

इथे सुनिलचं थोडं सांगायला हवं. वंदनाच्या या भावाचा शहापुरात शिकवणीचा क्लास आहे. जूनपासून यशूने त्याच्या घरी राहून तिथल्या मोठ्या शाळेत जावं आणि रविवारी तेवढं धसईला यावं, असा त्याचा आग्रह आहे. माणूस वाईट नाही, पोरीवर जीव आहे त्याचा. वंदनाचं मन अर्धं तिकडे आहे. मी म्हटलं, मला हे घरचे दिवस दे, मी तिला तयार करतो. मग असं ठरलं की येत्या रविवारी सुनिलमामा येऊन तोंडी गणितं विचारणार. आली तर यशू इथेच राहील, नाही आली तर जूनमध्ये शहापूर. ही अट मी हसत मान्य केली, कारण मला तेव्हा गणिताचीच काळजी नव्हती. काळजी वाचनाची होती.

तर कालचा दिवस. सकाळी भाषा, मग गणित, मग परिसर अभ्यास, असं वेळापत्रक मी करून भिंतीला चिकटवलं होतं. वंदना मुरबाडच्या गाडीला गेली आणि भाषेचा तास सुरू होतो न होतो तोच नळाला पाणी आलं. एकदा आलं की भांडी भरून घेण्यावाचून गत्यंतर नसतं. यशू कमळाच्या धड्यापाशी बसली, मी हंड्यांपाशी. मी मोरीतून ओरडायचं, "पुढचा शब्द?" आणि तिने ओटीवरून ओरडायचं, "दिसत नाय, कोंबडी बसली!" कोंबडी खरोखरच पुस्तकावर बसली होती. ती उठवायला गेलो तेवढ्यात हंडा भरून वाहिला, आणि ते पाणी जाऊन आईने वाळत घातलेल्या मिरच्यांत शिरलं. परिसर अभ्यास असा वेळेआधीच उरकला.

गणितासाठी मी हुशारी केली. (ताई, हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे.) डाळीचा कुकर लावला, यशूला त्याच्यासमोर पाटावर बसवलं आणि सांगितलं, शिट्ट्या मोज, मोठ्याने म्हण, तीन झाल्या की मी येऊन गॅस बंद करतो. म्हणजे डाळही शिजते आणि अभ्यासही होतो. मी मागच्या दारी कपडे धुवायला बसलो आणि 'एक' ऐकू यायची वाट बघू लागलो.

शिट्टी झाली. आतून आवाज आला, "लाभ, लाभ, लाभ, लाभ..." आणि तो थांबेचना. मला वाटलं, आजीचं काहीतरी म्हणत बसली आहे. दुसरी शिट्टी झाली. "दोन, दोन, दोन, दोन..." मी ओरडलो, "यशू, एक कुठे गेला? पहिल्यापासून म्हण!" पोरगी आज्ञाधारक. पुढच्या शिट्टीला तिने पुन्हा "लाभ, लाभ" सुरू केलं. मी पुन्हा ओरडलो, तिने पुन्हा पहिल्यापासून धरलं. वास आला तेव्हा आमच्या घरात तिसरी शिट्टी अजून झालेलीच नव्हती. डाळ कुकरला अशी धरली होती की ती खरवडण्यात दुपार गेली.

तुझ्या लक्षात आलंच असेल. गिरणीतून तांदूळ भरडून आले आहेत आणि आई ते मोजून कणगीत भरते आहे. आपल्याकडे पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि माप चुकू नये म्हणून भरून ओतेपर्यंत तोच आकडा घोकत राहतात. यशू आजारी पडल्यापासून रोज आजीच्या मांडीला मांडी लावून हेच करते आहे. म्हणजे मी वेळापत्रक चिकटवण्याच्या कितीतरी आधी आमच्या घरी गणिताची शाळा सुरू झाली होती, आणि तिथली हजेरी माझ्या शाळेपेक्षा चांगली होती.

मी यशूला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, एक म्हनाचा नाय. तांदूल सरतात." मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मंग? खोटा हाय काय?" मी म्हटलं, तू विहारात पुढे बसणारी, हे बरकतीचं कुठून आणलंस? तर म्हणते, "बावीस प्रतिज्ञा मला पाठ हायेत. त्यात मापाचा काय नाय."

संध्याकाळी सुनिलचा कॉल आला. रविवारआधी जरा चाचपून पाहावं म्हणून त्याने एक बोट दाखवलं. "यशू, किती?" "लाभ." त्याने बोट नीट कॅमेऱ्यासमोर धरलं. "नीट बघ." "लाभ." दोन बोटांना दोन, पाचांना पाच, सगळं बरोबर. मग त्याने विचारलं, एक पेरू आणि एक पेरू? "लाभ पेरू न् लाभ पेरू, दोन पेरू." उत्तर बरोबर होतं, त्यामुळे तो आणखीच वैतागला. शेवटी वंदनाला म्हणाला, "ताई, ही शहापूरला इंटरव्ह्यूला असं बोलली तर?" वंदनाने माझ्याकडे पाहिलं आणि जळका कुकर घासायला घेतला. तो मी दुपारी एकदा घासला होता.

असो. भावोजींना जय भीम, मुलांना आशीर्वाद. मिरच्या पुन्हा वाळत घातल्या आहेत.

तुझा,
महेंद्र

ता. क. उद्या शनिवारीच निघून ये, ही खरी विनंती. यशूला शिकवायला नको. आईने स्वतः 'एक' म्हटलं तर यशू लगेच म्हणेल, आणि आईला शहापूरचं कळलं तर ती लगेच म्हणेल. पण आईला आम्ही शहापूरचं सांगितलेलंच नाही. वंदना म्हणते तुम्ही सांगा. मी दोनदा आईसमोर जाऊन बसलो आणि तांदळाला भाव काय चाललाय ते विचारून उठलो. तू थोरली आहेस, तू सांग. घरात फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून पत्र. चंदर ड्युटीवर भातसानगरला निघालाय, त्याच्या हातीच देतो.

ता. क. आणखी एक. रोज मोजूनही तांदळाचा ढीग कमी का होत नाही, हे मला आज कळलं. दुपारी यशू झोपली की आई मोजलेल्यातले काही तांदूळ पुन्हा ढिगावर ओतते. मी पाहिलं हे तिला कळलं. म्हणाली, "सरला तर पोर बसंल का जवल?"

ता. क. चंदर दारात उभा आहे, तरी लिहितो. आई आत्ताच विचारून गेली, "रैवारी सुनिल किती वाजता येतो?" म्हणजे तिला शहापूरचं कळलेलं आहे. कधीपासून, ते तिने सांगितलं नाही. मग यशूला शेजारी घेऊन बसली, पहिलं माप भरलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एक, एक, एक..."

यशूने तिचा हात धरला. "आजे! लाभ म्हन गो! तांदूल सरतील ना!"

सुनिल रविवारी सकाळच्या गाडीने येणार आहे. तोपर्यंत दोघींतली कोण काय म्हणेल, ते आज सांगता येत नाही. तू ये.

म.