खडी जाते कुठे?

४ नोव्हेंबर
पुन्हा तिथेच! ओढ्याजवळच्या वळणावर रूळ बोटभर खचलाय. मालगाडीचं एकेक चाक दाबत जातं आणि खडीतून चिखल उसळतो — थेट माझ्या नव्या बुटांवर! मुकादम म्हणाला, "मॅडम, खडी टाकू, बसेल." दर महिन्याला टाकतोच आहोत. जाते कुठे ती?

६ नोव्हेंबर
जेवताना बाबांशी वाद. याच गँगचे मुकादम होते ना ते! साहेबांची तपासणी असली की काठावरच्या खडीला चुना फासून ओळीत मांडायचे. अजून मिरवतात.

मी कणकेच्या गोळ्यात शेंगदाणे दाबून दाखवले — चाकाच्या भाराने खडी अशी मऊ मातीत रुतते, खळगा होतो, पाणी साचतं, माती आणखी मऊ. वरून कितीही टाका! बाबांनी शेंगदाणे उचलून तोंडात टाकले. "संपला तुझा पुरावा, इंजिनीअरीणबाई."

९ नोव्हेंबर
वीस तारखेपासून मालगाड्यांना आणखी जड वाघिणी, म्हणजे डबे, लागणार. त्याआधी ते वळण खोदायलाच हवं, नाहीतर एखादी गाडी घसरेल. साहेब म्हणाले, "दिवसभर गाड्या बंद ठेवायच्या? खाली काही निघालं नाही तर?" जबाबदारी माझी, असं लिहून मी सही करून मोकळी झाले.

घरी सांगितलं तर बाबा भडकले. "कशाला उकरतेस? खडी टाक आणि गप्प बस!" गप्प बस — मला! जन्मात कधी म्हणाले नव्हते. खूप रडले.

१० नोव्हेंबर
सकाळी बाबांनी माझे बूट पुसून दारात ठेवलेले. स्वतः मात्र फिरायला निघून गेलेले. हट्टी म्हातारा! माझाच.

१४ नोव्हेंबर
खोदलं. कमरेएवढी खडीच खडी, खाली कढईसारखा खळगा, पाण्याने भरलेला. माझंच खरं निघालं! बाबा घडीची खुर्ची घेऊन बघायला आले होते. अगदी तळातून चुना लागलेले दगड निघाले. मुकादम हसला, "हे तर तुमच्या वडिलांच्या हातचं!" वळून बघते तर खुर्ची रिकामी. चहाही न घेता घरी निघून गेले.

१५ नोव्हेंबर
आज आपणहून बोलले. "बत्तीस वर्षं झाली. तिथे खोदायचंच ठरलं होतं, फावडी काढली होती. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली. काठावरची खडी ढकलली आत आणि धावत सुटलो."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तुला मांडीवर घेऊन बसलो होतो."