बैलांमागे निघालेलं घर

१२ नोव्हेंबर १८८४
आज शेजारच्या ल्यूएलाचं घर गेलं. चूल पेटलेली, धुराड्यातून धूर, खिडकीत कुंडी — आणि खाली ओंडके घालून पुढे चोवीस बैल अख्खं घर ओढताहेत! बर्फावरून इतकं अलगद सरकलं की वाटलं, ते जागेवरच आहे आणि आमचंच घर मागं चाललंय. ल्यूएला खिडकीतून ओरडली, "थिर्झे, ये की गं चढून! कॉफी ठेवलीय!" मी हसले. मग खूप रडले.

१४ नोव्हेंबर
रेल्वेचे रूळ सात मैलांवर, डनव्हरलाच थांबले, आमच्यापर्यंत आलेच नाहीत, तिथंच सगळं बिघडलं. जिल्ह्याचं मुख्य ठाणं कुठं असावं यावर मतदान झालं, तेही डनव्हरला गेलं. माणसं घरांसकट त्यामागे निघालीत. पण माझा नवरा हायरम ऐकेल तर शपथ!

पाच वर्षांपूर्वी त्याने नकाशावर दोरी लावून जिल्ह्याचा मध्य काढला. "कुठल्याही कोपऱ्यातला माणूस कोर्टाचं काम उरकून दिवेलागणीला घरी पोचला पाहिजे." इथं तेव्हा नुसतं गवत. त्यात खुंट्या ठोकत फिरला — "हे कोर्ट. ही शाळा. ही तुझी बाग, थिर्झा." मला सगळं दिसायला लागलं! नवऱ्याच्या बोलण्यात काय होतं कोण जाणे. दोन वर्षांत आमचं हे गाव, विलो सेंटर, खरंच उभं राहिलं.

१९ नोव्हेंबर
हायरम राजधानीला गेला, मतदानाविरुद्ध दाद मागायला. "मतदारांत खेचरांची नावं घातलीत लेकांनी!" घोड्यावरूनच गेला. त्या रेल्वेत पाय ठेवणार नाही म्हणे.

२ डिसेंबर
आज कोर्टही गेलं. उरले मी आणि विहीर. दुपारी चुलीशी मोठ्यानं बोलत होते. भीती वाटली स्वतःचीच.

८ डिसेंबर
बैलवाला टॉर्केल पाण्यासाठी थांबला. "बाई, बैल रिकामेच चाललेत. नेऊ का तुमचं घर?"
"ने," म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं! हायरमला काय सांगू?

९ डिसेंबर
चालत्या घरात लिहितेय. कप किणकिणताहेत. पाव भट्टीत फुगतोय आणि खिडकीतून माळ वाहतोय — पांढरा, न संपणारा. हरणं थबकून बघतात. मीही त्यांच्याकडे बघते. आपण जागे आहोत की नाही, कळत नाही. फार सुख वाटतंय. वाटायला नको, पण वाटतंय.

११ डिसेंबर
डनव्हर. ल्यूएलाच्या दारासमोर दार! दिवसभर बडबड. घसा बसला.

२० डिसेंबर
हायरम जिंकला! मतदान रद्द. ठाणं विलो सेंटरलाच राहणार. टॉर्केलला तो तिथं दिसला — आमची पायरी होती तिथं, बर्फात उभा, हातात निकालाचा कागद. म्हणाला, "थिर्झाला वाचून दाखवायचाय. कुठाय ती?"

ल्यूएला म्हणते, त्यालाच बोलावून घे इकडं. मी टॉर्केलला घरापुढे पुन्हा बैल जुंपायला सांगितलंय.