मागच्या खोलीचा रेडिएटर

सोमवार, ८ जानेवारी
वरच्या दोन्ही खोल्या म्हणजे भट्टी, आणि खाली मागच्या खोलीत गरम पाण्याचा रेडिएटर तापतच नाही, श्वासाची वाफ दिसते. शनिवारी आमची लेक लोरी बाळाला घेऊन येतेय, दोन महिन्यांच्या जिवाला त्याच खोलीत झोपवायचं! मी म्हटलं, दुरुस्तीला माणूस बोलवू. माझ्या नवऱ्याला, अल्विनला, असं लागलं, जणू मी त्याला म्हातारा म्हटलं. त्यानं चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला — नद्या कुठून कुठे जातात ते कळतं, म्हणजे पाइपही कळणार!

मंगळवार, ९ जानेवारी
आज अल्विननं रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढली. किल्ली फिरवली, सुस्स झालं, मग काळं पाणी — माझ्या चांगल्या टॉवेलवर. रेडिएटर थंडच.

बुधवार, १० जानेवारी
शेजारचा गेथिन आयुष्यभर हेच काम करायचा. चहा पिता पिता त्यानं सांगितलं, की वरचे रेडिएटर पाणी तापवणाऱ्या बॉयलरच्या जवळ, ते सगळं गरम पाणी ओढून घेतात, शेवटच्याला काही उरतच नाही. वरच्यांचे व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळायचे, आणि प्रत्येक वेळी तासभर थांबायचं.

थांबणं अल्विनला कुठलं जमतंय! वर जातो, पाव फेरा आवळतो, खाली येतो, मागच्या रेडिएटरवर तळहात ठेवतो, वहीत लिहितो. नेहमी डावाच हात, कारण उजव्यात पाना. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. मी विचारलं, औषध कधी देणार?

गुरुवार, ११ जानेवारी
जेवायला हाक मारली. 'अर्धा फेरा राहिलाय.' सूप गार. घरात तेवढंच एकसारखं गार.

शुक्रवार, १२ जानेवारी
दुपारी मागच्या खोलीत पलंग आवरायला गेले. ऊब! थर्मामीटरवर एकवीस. रेडिएटरला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. जमलं की गड्याला! कौतुक करावं म्हणून हाक मारली.

अल्विन आला, खाली बसला, तळहात टेकवला, बराच वेळ. मग म्हणाला, "अजून गारच आहे."

मी म्हटलं, "चेष्टा पुरे, हात काढ."

तो हसला नाही. पुन्हा वरचा व्हॉल्व्ह आवळायला निघाला. मी मनगट धरून हात उलटा केला. तळवा लालभडक, अंगठ्याखाली फोड येत होता. त्याकडे तो दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तसा पाहत राहिला.

"नेस्टा, दुखत नाहीये गं."

नळाखाली हात धरून उभे राहिलो. तेव्हा हळूहळू बोलला — नोव्हेंबरपासून शर्टाची बटणं तो उजव्या हातानंच लावतो. आणि मी रोज सकाळी जिन्याखालून ओरडत होते, लग्नाला चाललायस का, किती वेळ!

शनिवार, १३ जानेवारी
लोरी आली. बाळ पांघरूण लाथाडून निवांत झोपलं. लोरी म्हणाली, बाबांनी कमाल केली. अल्विननं पट्टी बांधलेला हात खिशात ठेवला.

सोमवार, १५ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या तळव्यावर टाचणी टोचायला लागल्या. अल्विन शहाण्या मुलासारखा बसून होता. सातव्या टोचणीनंतर अगदी अदबीनं म्हणाला, "सुरू करायच्या आधी सांगा हं."