फौजेतला आचारी

तंजावूर, सप्टेंबर १९९९

चि. श्रीहर्षास अनेक आशीर्वाद.

कारगिलहून तू दर पत्रात लिहायचास, "मी आचारी. माझी लढाई कांद्याबटाट्यांशी. अम्माला काळजी नको म्हणावं." मी वाचून दाखवायची आणि अम्मा निर्धास्त व्हायची.

काल ओरत्तनाडूचा सेल्वम कुबड्या टेकत घरी आला. तुझ्याच तुकडीतला. अम्मानं पानात सांबार वाढलं, तर मला म्हणाला, "अक्का, हेच सांबार मी बर्फात खाल्लंय." मग सगळं सांगितलं. वरच्या चौकीत दोन दिवस अन्न नव्हतं. गोळे पडत असताना तू पाठीला डबे बांधून कडा चढलास, सगळ्यांना वाढलंस आणि उतरताना त्याच पाठीवर जखमी सेल्वमला आणलंस. ऐंशी किलोंचा माणूस रे. इथं तांदळाचं पोतं उचलताना तू बसून घ्यायचास.

तेव्हापासून मी तुझा फोटो बघतेय. चेहरा तोच आहे, पण डोळ्याला डोळा द्यायला मला धीर होत नाही.

सेल्वम गेल्यावर अम्मा एवढंच म्हणाली, "आपल्याला कळलं हे त्याला कळू देऊ नकोस. स्वैपाक कसा चाललाय, विचार."

म्हणून हे पत्र माझ्या कपड्यांच्या पेटीत राहील. टपालात टाकलेल्या पत्रात मी तेवढंच विचारलंय.

तुझी अक्का,
सुप्रभा